आसरांच्या काठचं कुलूप

दस्तगीरभाऊंनी पिस्तूल काढलं, नेम धरला, चाप ओढला आणि काहीच झालं नाही.

समोर नवनाथ घुले खोरं घेऊन उभा होता. वाळूनं अर्धा भरलेला त्याचा ट्रॅक्टर मागं फुरफुरत होता. पिस्तूल पाहून तो आधी दोन पावलं मागं सरला होता. ते मुकं आहे हे कळल्यावर पुढं आला. पहिला घाव भाऊंनी डाव्या हातावर झेलला. हाड दोन ठिकाणी मोडलं. दुसरा घाव घालायच्या आत काठावरून शेरडं हाकणाऱ्या बायांनी आरडाओरडा केला, म्हणून बचावले.

हे सीना नदीच्या पात्रात भर दुपारी दीड वाजता घडलं. मी त्या वेळी कोरफळगावच्या तलाठी कार्यालयात पीकपाहणीच्या नोंदी तपासत बसले होते. भाऊंना तिकडं पाठवलं होतं मीच. "वाळू भरतायत म्हणे. जवळ जाऊ नका, लांबून फोटो काढून या," एवढंच म्हणाले होते. पण भाऊंना लांबून काही करणं कधी जमलंच नाही.

दस्तगीर मुलाणी आमच्या सज्जाचे कोतवाल. नोटिसा वाटणं, पंचनाम्याला माणसं गोळा करणं, तलाठ्याबरोबर बांधाबांधानं हिंडणं, यात त्यांची सव्वीस वर्षं गेलेली. माझ्याआधी सहा तलाठी त्यांनी पाहिले होते. तलाठ्याला भाऊसाहेब म्हणायची गावाला सवय. त्या खुर्चीवर बाई आली तरी म्हाताऱ्या माणसांनी ती मोडली नाही; मलाही भाऊसाहेबच म्हणत. दस्तगीरभाऊ तेवढे अक्का म्हणायचे.

वाळूच्या तालुक्यांत महसुलाच्या माणसांवर हल्ले वाढले, तेव्हा तीन वर्षांपूर्वी नवा कायदा आला. तलाठी, मंडळ अधिकारी, कोतवाल यांना कपड्यांआड पिस्तूल बाळगायचा परवाना मिळाला. कुठं बाळगायचं नाही याची यादी कायद्यातच होती: शाळा, दवाखाना, न्यायालय, मतदान केंद्र, जत्रा आणि उपासनास्थळ. बाकी सगळीकडं मुभा. ही यादी माणसानं लक्षात ठेवायची गरज नव्हती, ती पिस्तुलाच्याच लक्षात असे. बंदीच्या जागेत पाऊल पडलं की आतलं कुलूप आपोआप लागायचं आणि मुठीवरचा बारीक दिवा हिरव्याचा तांबडा व्हायचा. लोक त्याला शहाणं पिस्तूल म्हणत. पण कपड्यांआड झाकलेल्या पिस्तुलाचा दिवा बघतो कोण?

मला ते नको होतं. पण हुकूम होता. घरी लोखंडी पेटी नसेल तर बाहेर पडताना ते अंगावरच हवं, असाही हुकूम होता. म्हणून लुगड्याच्या निऱ्यांशेजारी एक कापडी पिशवी शिवून घेतली आणि त्यात ते ठेवू लागले.

मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी मी एक नेम धरला होता. नदीकाठी करंजाच्या झाडाखाली साती आसरांचे सात तांदळे आहेत, शेंदूर लावलेले दगड. पाण्याच्या देवता त्या. रोज उजाडताना त्यांना सात ओंजळी पाणी घालायचं आणि ते घालून होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. तिथून तशीच कार्यालयात जायची. म्हणजे पिस्तूलही माझ्याबरोबर आसरांपुढं जायचं. पहिल्या दिवशी मन कचरलं, नाही असं नाही. फोनवर नोंदलेल्या उपासनास्थळांची यादी काढून पाहिली. आसरांची नोंद नव्हती. छप्पर नाही, पुजारी नाही, ट्रस्ट नाही. नियमात बसतं, असं म्हणून मनाला गप्प केलं. चपला मात्र करंजाच्या अलीकडं काढल्या. त्या काढाव्यात की नाही, हा प्रश्न मनात आलाच नाही.

भाऊंचा हात मोडल्यावर चौथ्या दिवशी पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीची एक मुलगी पुण्याहून आली. ऋजुता पानसे. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. तिनं माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

"पिस्तूल बिघडलेलं नाही, मॅडम. त्याला ती जागा उपासनास्थळ वाटली, म्हणून ते बंद झालं."

"ती जागा यादीत नाही."

"यादीत नसलेल्या जागांसाठीच तर ही सगळी खटपट. आपल्याकडं नोंद असलेल्या देवांपेक्षा नोंद नसलेलेच जास्त. बांधावर, झाडाखाली, वळणावर. ते पिस्तुलाला कसे कळायचे?"

मग तिनं समजावून सांगितलं. फोन आडवा केला की त्यातलं चित्र आडवं होतं, कारण आतल्या एका बारीक कणाला हालचाल कळते. तसाच कण पिस्तुलाच्या मुठीत असतो. बाळगणाऱ्याच्या प्रत्येक पावलाचा धक्का तो टिपतो. कंपनीनं सहा हजार माणसांच्या कमरेला वर्षभर खोटी पिस्तुलं बांधली. ती माणसं केव्हा देवाच्या जागी होती आणि केव्हा नव्हती, याची सगळी टिपणं संगणकाला दिली आणि त्याला सांगितलं, यातला फरक तू शोध.

"आणि त्यानं शोधला," ऋजुता म्हणाली. "काय शोधला, हे आमचं आम्हालाच पुढं कितीतरी दिवस कळलं नव्हतं. टाच, मॅडम. बूट-चपलेत टाच टेकली की धक्का टोकदार येतो. अनवाणी माणूस पाऊल जपून टाकतो, तेव्हा धक्का पसरट येतो. चपलांबद्दल आम्ही त्याला एक अक्षर शिकवलेलं नाही. त्याला देव कळत नाही, पाऊल कळतं."

"मग घरात? घरात अनवाणीच असतो की आपण."

"परवान्यावरचं घर वगळलंय. पाहुण्यांकडं गेलात तर कुलूप लागतं, पण आजवर एकाचीही तक्रार नाही. पाहुणचाराला पिस्तूल कशाला लागतंय?" ती हसली. मला हसू आलं नाही.

"पण दस्तगीरभाऊंच्या पायांत बूट होते," मी म्हटलं.

"हो. ती पुढची गोष्ट. एखाद्या उघड्या जागी कुणी रोज अनवाणी येत राहिलं, तर एकवीस दिवसांनी ती जागा सगळ्यांच्या नकाशावर चढते. मग तिथं बूट घालून आलेल्याचंही पिस्तूल बंद. ती खूण कायम करायची की पुसायची, हे तिथल्या तलाठ्यानं जागा पाहून कळवायचं. तुमच्याकडं तसं पत्र येईल."

तिनं पडदा माझ्याकडं वळवला. नदीचं वळण दिसत होतं आणि करंजाच्या जागी, भाऊंना मार बसला तिथंच काठाला, तांबड्या ठिपक्यांचा गठ्ठा.

"एक्केचाळीस दिवस. एकच परवानाधारक. रोज सकाळी सहा ते सव्वासहा. माझ्याकडं फक्त नंबर असतो, नाव ठाण्यातून मागवावं लागेल."

"मागवू नका," मी म्हटलं. "तो नंबर माझाच आहे."

तिनं लॅपटॉप हळूच मिटला. "काकू..." ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी दस्तगीरभाऊंच्या घरी गेले. हात गळ्यात अडकवून ते बाजेवर बसले होते. त्यांच्या बायकोनं, जैतूनभाभींनी, पाणी दिलं. मी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

भाभी कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. "म्हणजे तुमच्या देवीनं माझ्या माणसाचा हात मोडला म्हणा की."

"देवीनं काय केलंय?" भाऊ म्हणाले. "खोऱ्यानं मोडलाय."

"तुम्ही गप बसा. अक्का, तुम्ही पूजा करा, माझं काय म्हणणं नाही. पण पूजेला जाताना कमरेला बंदूक? देवीला दाखवायला न्येत होता का रोज?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा केलं आणि पावती घेतली.

पत्र आलं, त्याच्या मागोमाग नायब तहसीलदार कवडेसाहेबांचा फोन.

"बाई, एका ओळीचं काम आहे. 'सदर ठिकाणी उपासनास्थळ आढळून येत नाही.' सात दगडच आहेत ना ते? मग दगड म्हणा. खूण पुसली जाईल आणि घुलेवरची केस पक्की होईल."

"आणि आहे म्हटलं तर?"

"तर घुलेचा वकील टपूनच बसलाय. कोतवालानं देवाच्या जागी हत्यार उपसलं, अशी उलट तक्रार दिलीय त्यानं. जाणूनबुजून उपसलं असं ठरलं तर तीन वर्षं आत, आणि नोकरी जाते ती वेगळीच. नुसतं बाळगलं म्हणून तुमचाही परवाना जाईल, चौकशी लागेल. कशाला नसता घोर? दस्तगीर गरीब माणूस आहे."

कवडेसाहेब वाईट नव्हते. खरोखर भाऊंच्या भल्याचंच बोलत होते. मी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि कोरा कागद पुढं ओढला.

सव्वीस वर्षं राबलेला माणूस आणि सात दगड. एवढाच हिशेब असता तर मी सही केलीही असती. पण त्या सात दगडांपुढं मी रोज तोंडातून शब्द न काढता उभी राहत होते. आणि आता त्याच तोंडानं तिथं काही नाही म्हणायचं? शिवाय मला दुसरंच काही टोचत होतं. हत्यार कुठं न्यावं आणि कुठं नाही, याचं उत्तर मी यादीत शोधलं होतं. माझे पाय त्याच दिवशी, त्याच जागी, यादी न बघता उत्तर देऊन मोकळे झाले होते. पाय एक सांगत होते, कंबर दुसरंच वागत होती, आणि दोन्ही माझीच. ती जागा देवाची नसेल तर चपला कशाला काढल्या? देवाची असेल तर पिस्तूल कशाला नेलं?

'जाणूनबुजून' या शब्दापाशी माझं मन अडकलं, आणि तिथंच वाट सापडली असं मला वाटलं. ऋजुताला फोन केला. भाऊंच्या पिस्तुलातली त्या दुपारची टिपणं कशी आहेत, विचारलं.

"शेवटपर्यंत बुटातली पावलं आहेत, काकू. ती देवाची जागा आहे याची जाणीव त्यांना नव्हती, असाच अहवाल निघेल."

मग मी एका बैठकीत लिहून काढलं. सदर ठिकाणी साती आसरांचं उपासनास्थळ आहे. त्याची मला पूर्ण जाणीव होती. मी रोज तिथं पादत्राणं काढत होते. ती जाणीव असूनही मी एक्केचाळीस दिवस तिथं पिस्तूल बाळगलं. कोतवाल दस्तगीर मुलाणी माझ्या सांगण्यावरून तिथं गेले. त्या जागेचं स्वरूप त्यांना ठाऊक नव्हतं. लिहून झाल्यावर फार दिवसांनी छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. खरंही राहत होतं आणि भाऊही सुटत होते.

भाऊंना वाचून दाखवायला गेले. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"झ्याक लिवलंय, अक्का. एक वळ खोटी हाय तेवढी."

"कोणती?"

"मला ठाऊक नव्हतं ही."

मी कागद खाली ठेवला.

"सगळ्या गावाला ठाऊक हाय, मला कसं नसंल? मला गोवर निघाला तवा आईनं तिथंच दहीभात ठिवला हुता. अजून भाची-पुतण्याला ताप आला की आमच्यातल्या बाया जात्यात."

"मग बूट?"

"पात्रात फुटक्या बाटल्या पडल्यात, काटं हायती. आणि मी ड्युटीवर हुतो. कोण ड्युटीवर हाय ते आसरांना कळतं की."

आतून जैतूनभाभी तरातरा आल्या. "गप बसा! मशीन म्हणतंय ठाऊक नव्हतं. मशीनपरीस तुम्हाला जास्त कळतंय का?"

"माझ्या डोक्यात काय हुतं ते मला कळत नसंल, तर मग कुणाला कळंल?"

"डोकं! हात मोडून घेतला, आता जेलात जा. तिथं डोकं घेऊन बसा." त्या माझ्याकडं वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "अक्का, ती वळ राहू द्या. त्याच एका वळीवर माझं घर हाय."

पेन माझ्या हातात होतं. ही ओळ लिहिली तेव्हा मला ती खरीच वाटत होती. आता ती राहिली तर मी ती दुसऱ्यांदा लिहिल्यासारखं होणार होतं, आणि या वेळी ठाऊक असून. मी भाभींकडं न पाहता ती खोडली. आत जाऊन त्यांनी चुलीपाशी भांडं आपटलं.

"माझं मी सांगंन," भाऊ म्हणाले. "विचारतीलच की."

दुसऱ्या दिवशी आसरांना पाणी घातलं. कमरेला काही नव्हतं. मागावं म्हटलं तर काय मागावं तेच सुचेना. तशीच परत आले.

सुनावणी प्रांतसाहेबांपुढं झाली. तिशीतला हुशार माणूस. माझा अहवाल त्यांनी दोनदा वाचला.

"जागेची जाणीव असूनही तुम्ही तिथं पिस्तूल नेलंत?"

"होय."

"का?"

"यादीत नव्हती म्हणून."

त्यांनी क्षणभर मान वर करून माझ्याकडं पाहिलं, मग खाली घालून लिहू लागले. परवाना रद्द. विभागीय चौकशी. करंजाखालच्या जागेची खूण कायम. नवनाथ घुलेवरचा मारहाणीचा गुन्हा तसाच पुढं चालायचा.

मग त्यांनी कंपनीचा अहवाल उचलला आणि मोठ्यानं वाचला: "परवानाधारक मुलाणी हे पादत्राणांसह होते. जागेच्या स्वरूपाची जाणीव नसल्याची शक्यता ब्याण्णव टक्के." कागद खाली ठेवून ते म्हणाले, "नव्वदच्या वर आहे. म्हणजे तोंडी जबाबाची गरज नाही."

घुलेच्या वकिलाला हा नियम ठाऊक असावा. तो आपले कागद गोळाही करू लागला होता.

दस्तगीरभाऊ उभे राहिले. "साहेब, मला बोलायचं—"

"बसा मुलाणी. हात दुखत असेल. तुमच्यावर काही नाही आता."

"पण साहेब, मला ठाऊक—"

"अहवाल स्पष्ट आहे. पुढची केस घ्या हो."

मी उठले नाही. त्यांचं त्यांनी सांगायचं, असं आमचं ठरलं होतं, हे खरं. पण मी तेवढ्यासाठीच गप्प बसले का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. शेजारी जैतूनभाभी बसल्या होत्या आणि त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

बाहेर कचेरीच्या आवारात चहाची टपरी होती. भाभींनी तीन चहा सांगितले, एक स्वतः संपवला, माझ्या वाटचाही संपवला. गेल्या कित्येक दिवसांत त्या पहिल्यांदाच हसत होत्या. "तुमच्या आसरांना माझ्याकडनं दहीभात," मला म्हणाल्या. "सात पानं. मी स्वतः आणून ठिवीन."

भाऊंचा चहा तसाच निवला. एकदम उठले आणि कचेरीच्या पायऱ्या चढून परत आत गेले.

"आता काय विसरलं?" भाभींनी विचारलं. मला कळलं होतं, पण मी म्हटलं, "येतील."

बराच वेळ गेला. टपरीवाल्यानं दुसरं आधण ठेवलं. मग भाऊ आले, मोडका हात चांगल्या हातानं सावरत, सावकाश.

"गाठ पडली साहेबांची?" मी विचारलं.

"पडली. सगळं सांगितलं. गोवर, दहीभात, सगळं."

भाभींनी डोक्यावरचा पदर तोंडाशी धरला. "या अल्ला. मग?"

"चांगला माणूस हाय. नीट ऐकून घेतलं. म्हणाले, मार लागला की माणसाला मागनं काहीबाही आठवतं. त्या वेळी तुमच्या मनात काय हुतं, ते यंत्रात हाय. ते आता बदलता येत नाही. घरी जा, आराम करा." भाऊ थांबले. "शिपायानं पाणी दिलं."

भाभींनी मोठा सुस्कारा सोडला आणि टपरीवाल्याला हिशेब विचारू लागल्या. भाऊ माझ्यासमोर उभेच होते. गावच्या कुठल्याही तंट्यात असा गोंधळलेला चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "मग मला ठाऊक हुतं का नव्हतं?"

"होतं, भाऊ."

"हां." ते बाकावर माझ्या शेजारी बसले आणि निवलेला चहा उचलला. "तेवढं तुमच्या दप्तरात असू द्या."